सोमल, गंज आणि बंगालचे पाणी

मराठीत ‘हरताळ फासणे’ असा एक वाक्प्रचार आहे. झालेल्या कामाचा नाश करणे हा त्याचा आजचा अर्थ. तो आला मात्र पोथ्या लिहिणाऱ्यांच्या बैठकीतून. अक्षर चुकले की लेखनिक त्यावर हरताळाचा पिवळा लेप देई. लेप वाळला म्हणजे चूक झाकली जाई आणि वर पुन्हा लिहिता येई. हा हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. तांबूस मनशीळ हेही त्याच दोघांचे अपत्य. आणि ज्याच्या नुसत्या नावाने जुन्या माणसांच्या अंगावर काटा येई तो पांढरा सोमल म्हणजे आर्सेनिक आणि प्राणवायू यांचे संयुग. आपल्या वैद्यांनी या तिघांना औषधात वापरले, आणि दुष्टांनी सोमलाचा उपयोग शत्रूच्या ताटात केला. पण वैद्य काय, विषप्रयोग करणारा काय, दोघांच्याही डोळ्यांपुढे हा पदार्थ पुडीत बांधलेला, मोजून घेण्याजोगा असा होता. स्वच्छ, थंड, चवीला गोड अशा विहिरीच्या पाण्यातून तो रोज घरोघर जात असेल, ही कल्पना कोणाला शिवली नव्हती. ती खरी ठरली बंगालमध्ये, आणि तीही आपल्याच पिढ्यांच्या हयातीत. ते विष पाण्यात कसे आले, ते बाहेर काढण्याचे कोणते प्रयत्न झाले आणि त्यांतून आपण काय शिकावे, एवढाच आजचा विषय आहे.

या कहाणीचा आरंभ एका सत्कृत्यात आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाजवळचा प्रदेश म्हणजे पाण्याचाच देश. तिथे पाण्याची वाण नव्हती, शुद्ध पाण्याची होती. गावोगावी पुकुर, म्हणजे तळी. त्याच तळ्यात आंघोळ, त्यातच भांडी, त्यातच गुरे आणि तेच पाणी पिण्याला. पटकी आणि हगवण यांनी दरसाल लहान मुलांचे बळी घ्यावेत, हा जणू तिथला नियमच होता. तेव्हा १९७०च्या दशकात, आणि काही भागांत त्याआधीही, सरकारांनी व युनिसेफसारख्या संस्थांनी लोकांना सांगितले की तळ्याचे पाणी सोडा, जमिनीत नळी घाला आणि हातपंपाचे पाणी प्या. नदीच्या गाळाची ती भुसभुशीत भूमी. चार माणसे एका दिवसात नळी खाली उतरवीत. प्रथम सरकारी हापसे आले, मग लोकांनी स्वतःच्या पैशाने अंगणात हापसे बसवले. मुलीच्या लग्नाची बोलणी करताना अंगणात हापसा आहे ना, हेही पाहिले जाऊ लागले. शतकाच्या अखेरीस एकट्या बांगलादेशात अशा कूपनलिकांची संख्या लाखांच्या हिशेबातून कोटीच्या घरात जाऊ लागली होती.

याच काळात महाराष्ट्रातही हातपंपाची कथा घडत होती. आपल्याकडे प्रश्न काळ्या पाषाणाचा आणि दुष्काळाचा. जालन्याच्या मिशनने तयार केलेला पंप आणि त्यात सुधारणा होत पुढे आलेला सोलापूरचा पंप, यांच्या आधारावर १९७०च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप सिद्ध झाला आणि तो देशोदेशी गेला. आपल्या गावातल्या हापशाचा पूर्वज सोलापूरचा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सांगायचे एवढेच की हापसा हे त्या काळच्या लोककल्याणाचे चिन्ह होते, आणि ते चिन्ह खोटे नव्हते. त्याने असंख्य मुले वाचवली. त्या पाण्यात रोगजंतू नव्हते. आणि जंतू नाहीत म्हणजे पाणी शुद्ध, अशी त्या काळी सर्वांची समजूत होती. त्यात आर्सेनिक आहे का, हे मात्र कोणी पाहिले नाही.

१९८३ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे खेड्यांतले काही रुग्ण आले. अंगावर पावसाचे थेंब पडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके, तळहात व तळपाय जाड, खरखरीत, गाठाळलेले. डॉ. साहा यांनी हे दुखणे आर्सेनिकच्या दीर्घ सेवनाचे असल्याचे ओळखले. एका घरातली अनेक माणसे, एका विहिरीवरची अनेक घरे; धागा पकडायला तेवढे पुरे होते. १९८८ पासून जादवपूर विद्यापीठातील डॉ. दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी गावोगाव हिंडून पाणी, केस व नखे गोळा करू लागले. शासनाला प्रथम हे पटेना. तपासलेल्या गावांची यादी मात्र वाढत गेली. १९९३ साली सीमेपलीकडे, बांगलादेशातील चापाई नवाबगंज जिल्ह्यात आर्सेनिक आढळले. १९९५ साली कलकत्त्यात आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि मग जगाचे लक्ष इकडे वळले. १९९८-९९ साली ब्रिटिश भूवैज्ञानिक संस्थेने बांगलादेश सरकारबरोबर ३,५३४ विहिरींचे पाणी तपासले. उथळ विहिरींपैकी २७ टक्के विहिरींत लिटरला ५० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक होते. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मुखपत्रात शास्त्रज्ञांनी लिहिले की साडेबारा कोटींच्या त्या देशात साडेतीन ते पावणेआठ कोटी माणसांना हा धोका आहे आणि इतिहासात एवढ्या मोठ्या लोकसमूहावर विषबाधेचा प्रसंग पूर्वी आलेला नाही.

मायक्रोग्रॅम हा शब्द कानाला परका वाटतो, म्हणून त्याचे मान सांगतो. लिटरला १० मायक्रोग्रॅम म्हणजे एक लाख लिटर पाण्यात एक ग्रॅम. दहा हजार लिटरचे दहा टँकर ओळीने उभे करावेत आणि त्या सर्वांत मिळून चिमूटभर पूड टाकावी, असे हे प्रमाण. जागतिक आरोग्य संघटनेने १९६३ साली ५० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली होती. १९९३ साली ती १० वर आणली. भारतानेही पुढे १० हाच आकडा स्वीकारला. बांगलादेशाने मात्र ५० चीच मर्यादा ठेवली, कारण १० धरले तर सोडून द्याव्या लागणाऱ्या विहिरींची संख्या फारच वाढत होती. मर्यादेचा आकडा ठरवताना विज्ञानाबरोबर दारिद्र्यही बोलते, ते असे.

हे संकट सर्वथा अपूर्व होते काय? तसे म्हणता येत नाही. तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोक खोल विहिरींचे पाणी पिऊ लागले आणि त्यांच्यात पाय काळे पडून सडण्याचा रोग दिसू लागला. १९६८ साली तिथे ४०,४२१ माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली आणि विहिरीतले आर्सेनिक व त्वचेचा कर्करोग यांचा संबंध उघड झाला. दुसरे उदाहरण चिली देशातील आंतोफागास्ता या शहराचे. वाळवंटातल्या या शहराने १९५८ साली डोंगरातील नदीचे पाणी नळाने आणले. त्यात लिटरला आठशे मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक होते. १९७० साली तिथे शुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला आणि प्रमाण एकदम उतरले. विष अवघी बारा वर्षे पोटात गेले. पण फुप्फुस आणि मूत्राशय यांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ चढतच राहिले. पाणी शुद्ध झाले तरी शरीर आपला जुना हिशेब विसरत नाही. बंगालमध्ये हापसे बसवले जात असताना तैवानची पाहणी छापली गेली होती आणि चिलीचा कारखाना सुरूही झाला होता. ज्ञान जगात होते; ते योग्य वेळी योग्य माणसाच्या हाती पडले नव्हते.

आता हे विष जमिनीत आले कुठून? कोणा कारखान्याने ते टाकलेले नाही. हिमालयाचे खडक झिजतात, नद्या तो गाळ खाली आणतात. त्या गाळाच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचे पातळ कवच असते, आणि आर्सेनिकला गंजाची विलक्षण ओढ. तो त्या कवचाला चिकटून हजारो वर्षे निरुपद्रवी राहतो. पण त्याच गाळात झाडपाला, दलदलीतले कुजके द्रव्य गाडले गेलेले असते. ते खाणाऱ्या जंतूंना खोलवर हवा मिळत नाही. तेव्हा ते गंजातल्या प्राणवायूवरच आपले भागवतात. गंज विरघळतो आणि त्याला धरून बसलेले आर्सेनिक पाण्यात सुटे होते. प्रारंभी काही शास्त्रज्ञांचे मत याच्या उलट होते. पंपांनी पाण्याची पातळी उतरते, हवा आत शिरते आणि गंधकयुक्त खनिजे विघटित होऊन विष सुटते, असे ते म्हणत. १९९८ साली ‘नेचर’ या नियतकालिकातील लेखाने आणि त्यानंतरच्या पाहणीने गंज विरघळण्याचा पक्ष बळकट केला. खूप खोलवरची, हिमयुगातली जुनी वाळू बहुधा या दोषापासून मुक्त असते, हेही त्याच ओघात कळून आले.

रोगाचे हे निदान नीट समजले की औषधही त्यातच सापडते. गंज विरघळल्याने विष सुटते; तर गंज पुन्हा निर्माण केला की विष धरले जाईल. मौज अशी की ही गोष्ट रसायनशास्त्राला पूर्वीपासून ठाऊक होती. १८३४ साली जर्मनीत रॉबर्ट बुन्सेन आणि बर्टोल्ड या दोघांनी दाखवून दिले की सोमल पोटात गेलेल्या माणसाला लोखंडाचा ताजा, ओला गंज पाजला तर तो विषाला धरून ठेवतो. ज्याच्या नावाचा दिवा शाळेच्या प्रयोगशाळेत आपण पाहिला, तोच हा बुन्सेन. एका माणसाच्या जठरात जे घडते ते पाण्याच्या टाकीत घडवणे, हेच आर्सेनिक काढण्याच्या बहुतेक पद्धतींचे सार आहे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवून साका खाली बसवण्याची आपली घरगुती रीत आठवा. तुरटीच्या जागी लोखंडाचे क्षार घातले की तांबूस साका तयार होतो, आणि तो खाली बसताना आर्सेनिक बरोबर नेतो. चिलीच्या कारखान्यात हेच केले गेले.

पण खेड्यात कारखाना कुठून आणावा? म्हणून लहान साधने निघाली. बांगलादेशात तीन कळश्यांची युक्ती आली. एकावर एक मडकी, आपल्या उतरंडीसारखी. वरच्यात लोखंडाचा कीस व वाळू, मधल्यात कोळसा व वाळू, खालच्यात निवळलेले पाणी. खर्च अल्प, गुणही चांगला. परंतु काही महिन्यांत कीस गंजून घट्ट होई आणि पाणी झिरपेनासे होई. कुश्तियाचे मूळ रहिवासी आणि अमेरिकेत रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेले अबुल हुस्साम यांनी याच कल्पनेत सुधारणा करून ‘सोनो’ नावाचा गाळप तयार केला. २००७ साली त्याला अमेरिकेतील दहा लाख डॉलरचे ग्रेंजर पारितोषिक मिळाले. त्याच स्पर्धेतले दुसरे पारितोषिक लीहाय विद्यापीठाच्या अरूप सेनगुप्ता यांच्या गटाला मिळाले. त्यांनी पश्चिम बंगालमध्ये हापशालाच जोडलेली गाळप-टाकी बसवली आणि तिची देखभाल गावसमितीकडे सोपवली. मद्रासच्या आयआयटीतील टी. प्रदीप यांनी लोखंडाचेच अतिसूक्ष्म कण वापरणारे साधन तयार केले. उत्तर चोवीस परगण्यातील काशिमपूर येथे आणखी एक मार्ग चोखाळला गेला. उपसलेल्या पाण्याचा काही भाग हवेशी घुसळून परत जमिनीत सोडायचा, म्हणजे गंज जमिनीतच तयार होतो आणि विष जिथल्या तिथे अडकते.

एवढी साधने असताना प्रश्न सुटला का नाही? याचे उत्तर रसायनशास्त्रात थोडे आणि माणसांच्या व्यवहारात पुष्कळ आहे. रसायनाची अडचण अशी की खोल पाण्यातले आर्सेनिक बहुधा अशा रूपात असते की त्यावर विद्युतभार नसतो. ते गंजाला नीट चिकटत नाही. त्याला आधी हवेने किंवा ब्लीचिंग पावडरने दुसऱ्या रूपात आणावे लागते. पाण्यातले फॉस्फेट व सिलिका गंजावरच्या जागेसाठी त्याच्याशी स्पर्धा करतात. म्हणून एका गावी उत्तम चाललेले साधन शेजारच्या गावी फसते. व्यवहाराची अडचण याहून मोठी. बारुईपूर भागात निरनिराळ्या कंपन्यांची सुमारे दीड डझन यंत्रे बसवून जादवपूरच्या शास्त्रज्ञांनी दोन वर्षे ती पारखली. २००५ साली निष्कर्ष छापला गेला तो असा : १० मायक्रोग्रॅमची मर्यादा एकाही यंत्राला सातत्याने पाळता आली नाही, आणि ५० ची मर्यादा पाळणारी यंत्रे निघाली दोनच. यंत्राच्या उद्घाटनाला मंडळी जमतात. गाळपातले द्रव्य बदलण्याच्या दिवशी कोणी येत नाही. आणि गाळपातून निघालेला विषारी साका टाकायचा कुठे? तो तळ्याकाठी टाकला तर विहिरीतले विष तळ्यात गेले, एवढेच घडते. पाणी शुद्ध करणे म्हणजे विष नाहीसे करणे नव्हे, ते एका ठिकाणाहून काढून दुसऱ्या ठिकाणी बांधून ठेवणे. तो साका सिमेंटमध्ये घट्ट करावा, किंवा हवा खेळत राहील अशा बंदिस्त जागी ठेवावा लागतो. हवा तुटली की गंज पुन्हा विरघळेल आणि विष पुन्हा सुटेल.

इथे कारखान्यांच्या सांडपाण्यातून भूजलात उतरणाऱ्या जड धातूंकडे थोडे पाहिले पाहिजे. त्यांत क्रोमियमचे उदाहरण बोधप्रद आहे. कातडी कमावण्याच्या आणि धातूला मुलामा देण्याच्या धंद्यात ते लागते. कानपूरजवळची आणि तमिळनाडूतील राणीपेटची भूमी त्याच्या ढिगाऱ्यांनी बिघडली. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधील एलिझाबेथ सिटी येथे तटरक्षक दलाच्या तळाखालचे पाणी असेच दूषित झाले होते. १९९६ साली तिथे जमिनीत सुमारे ४६ मीटर लांब, ७ मीटरांहून खोल आणि जेमतेम ६० सेंटिमीटर रुंद चर खणून त्यात लोखंडाचा कीस भरला. भूजल आपल्या गतीने त्या लोखंडी भिंतीतून झिरपते आणि क्रोमियम भिंतीतच थिजून बसते. पंप नको, वीज नको. इथेही लोखंडच कामी आले; पण गंमत अशी की प्राणवायू हिरावून घेतला की विषारी क्रोमियम निरुपद्रवी होते, आणि तसेच केले की गाळातले आर्सेनिक मोकाट सुटते. एकाचे औषध ते दुसऱ्याचे कुपथ्य. ‘पाणी शुद्ध करणारे यंत्र’ असे सरसकट नाव सांगून बाजारात जे विकले जाते त्याच्यापुढे प्रथम ‘कशापासून शुद्ध?’ हा प्रश्न ठेवला पाहिजे. आणि पाणी उकळल्याने आर्सेनिक जात नाही. पाणी आटते, विष तेवढेच राहते, हेही गृहिणींनी लक्षात ठेवावे.

बंगालमध्ये सर्वांत अधिक माणसांना ज्या उपायाने हात दिला, तो मात्र यंत्राचा नव्हता. २००० ते २००३ या काळात बांगलादेशात सुमारे पन्नास लाख विहिरी तपासल्या गेल्या आणि पंपाच्या तोंडाला रंग लावला गेला. सुरक्षित तो हिरवा, दूषित तो लाल. चौदा लाखांहून अधिक पंप लाल ठरले. परंतु एका विहिरीत विष आणि पन्नास पावलांवरच्या दुसरीत नाही, अशी तिथल्या भूमीची रचना असल्यामुळे पुष्कळांना शेजारचा हिरवा पंप जवळच सापडला. आपला पंप सोडून शेजाऱ्याच्या अंगणात घागर घेऊन जाणे हे ऐकायला सोपे वाटते. पण त्यात मान आहे, भाऊबंदकी आहे, सुनेने परक्या अंगणात जावे की नाही हा विचार आहे. तरीही कित्येक बायका गेल्या. त्यांच्या त्या वाढलेल्या पावलांची नोंद कोणत्याही पारितोषिकाच्या यादीत नाही. पुढे खोल विहिरी खणल्या गेल्या. त्यांचा लाभ झाला. पण सार्वजनिक पैशाची खोल विहीर गावाच्या मध्यावर न येता वजनदार माणसाच्या दाराशी येण्याचे प्रकारही घडले. शिवाय रंग उडतात आणि नव्या विहिरी न तपासता खणल्या जातात. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये अडाईहजार भागातील सुमारे बारा हजार माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्या काळातील मृत्यूंपैकी एकवीस टक्क्यांच्या आसपास मृत्यूंचा संबंध १० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिकशी जोडता येत होता.

मग दोषी कोण? हा प्रश्न न्यायालयातही गेला. ब्रिटिश भूवैज्ञानिक संस्थेने १९९२ साली बांगलादेशातील पाण्याची एक पाहणी केली होती. तीत अनेक मूलद्रव्ये मोजली, आर्सेनिक मोजले नाही. एका बांगलादेशी ग्रामस्थाने लंडनमध्ये दावा लावला. २००६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. पाहणी करणाऱ्याने जे सांगितलेच नाही त्याची जबाबदारी साऱ्या देशाच्या लोकांप्रती त्याच्यावर येत नाही, असा निर्णयाचा आशय. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर असेल. पण विहिरीवर भरवसा ठेवणाऱ्या माणसाच्या हाती त्यातून काय उरले? ज्याने विहीर दिली त्याने तपासले नाही, ज्याने तपासले त्याने हे तपासले नाही, आणि ज्याने पाणी प्याले त्याच्यापाशी तपासण्याचे साधन नव्हते. हेतू सर्वांचे चांगले होते. सार्वजनिक कार्यात चांगल्या हेतूने जबाबदारी संपत नाही, तिथून ती सुरू होते, हा या इतिहासाचा मला दिसणारा धडा आहे.

आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात बंगालसारखे आर्सेनिक नाही, ही समाधानाची गोष्ट. पण फार निश्चिंत होऊ नये. छत्तीसगडमधील कौडीकसा हे आर्सेनिकग्रस्त गाव, ज्याचा अहवाल १९९९ साली प्रसिद्ध झाला, ते आपल्या गडचिरोलीच्या सीमेपासून दूर नाही. आणि तिथे नदीचा गाळ नसून कठीण खडक आहे. २००२ साली बिहारच्या भोजपूर जिल्ह्यात, पाठोपाठ उत्तर प्रदेशातील बलियात हे विष आढळले, तेव्हाही ‘हे बंगालचे दुखणे’ असेच लोक म्हणत होते. आपल्या यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडने दात व हाडे बिघडवली आहेतच. दरसाल उन्हाळ्यात आपण शेकडो फूट खोल बोअर घेतो, पाणी लागले की नारळ फोडतो आणि पहिली घागर घरी नेतो. त्या नारळाबरोबर पाण्याची एक बाटली प्रयोगशाळेत पाठवण्याची रूढी का पडू नये? नगरपालिकेच्या सभेत, ग्रामसभेत, सोसायटीच्या बैठकीत ‘पाणी किती आहे’ हे आपण नेहमी विचारतो. ‘पाण्यात काय आहे, केव्हा तपासले आणि पुन्हा केव्हा तपासणार’ हेही तितक्याच आवाजात विचारू लागलो, तर बंगालच्या त्या लाल पंपांपासून आपण काही शिकलो असे होईल.